टाका उचलला

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकाचा एवढासा ओटा आणि रस्त्याकडे उघडणारी एवढी मोठी खिडकी, की सामान लावायचं सोडून अर्धा तास तिथेच उभी राहिले. खाली इस्त्रीवाल्याचं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात सतत तापल्या कापडाचा वास येतो. पहिल्या मजल्यावर मालकीणबाई राहतात. पाणी कधी येतं ते त्यांनी सांगितलं, कचरा कधी नेतात ते सांगितलं आणि त्याच दमात माझं लग्न का झालं नाही तेही विचारलं. मला आवडल्या.

ही वही धाकटीने दिली. पहिल्या पानावर तिच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलंय, "ताई, माणसांशी बोल. भिंतींशी नको." धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सहाची होती. वेण्या, डबा, शाळेतल्या बाईंच्या तक्रारी, सगळं माझ्याकडे आलं. त्यामुळे ती मला ताई म्हणते आणि आईवर काढायचा राग माझ्यावर काढते. आता ती दूरच्या शहरात एकटी राहते, नकाशे काढायच्या कचेरीत जाते. तिला फिट येते, वर्षातून दोनदा, कधी तीनदा. हनुवटीवर न्हाणीघराच्या पायरीने दिलेली खूण आहे. रोज संध्याकाळी सातला मी फोन करायचा, हा आमचा करार. तिचा आवाज ऐकला की मग मी जेवते.

आज म्हणाली, नवीन गावात निदान एक तरी मैत्रीण कर, नाहीतर मी येऊन शोधून देईन. मी बरं म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम चांगलं आहे. चष्म्याच्या काचा घासायच्या. एका लांब टेबलावर आम्ही पाच जण. सगळ्यांत जुने कारागीर आहेत त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. ते काच उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि एकतर "हं" म्हणतात किंवा काहीच म्हणत नाहीत. काहीच म्हणाले नाहीत तर काच परत घासायची. मी प्रत्येक काचेचा नंबर तीनदा तपासते. बाकीचे हसतात. उस्ताद हसत नाहीत.

घरी आल्यावर विणकाम. धाकटीसाठी मोजे घेतलेत, निळे, टाच मोहरीच्या रंगाची. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, म्हणून डाव्या मोज्याला दोन टाके जास्त. हे जगात मला एकटीलाच ठाऊक आहे आणि याचा मला उगीचच गर्व आहे.

आणि मैत्रीण नाही, पण मैत्रिणींचा गठ्ठा मिळाला. फोनवर विणकाम करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, "चार सुया" नावाचा. खरी नावं कुणीच लावत नाही. एकीचं नाव गुंडाळी, तिची बेकरी आहे. सगळ्यांत जुनी ती सुईबाई, नियम तिच्या हातात. मी नाव घेतलं खिडकी. तासाभरात माझ्या मोज्याचं कौतुक झालं, टाच चुकीच्या जागी वळवली म्हणून कानउघाडणी झाली आणि लोकर मशीनमध्ये धुवावी की नाही यावरून दोघीजणी हमरीतुमरीवर आल्या. पोटभर हसले. धाकटीला सांगितलं तर म्हणते, वा, म्हणजे आता भिंतींऐवजी काचेशी बोलणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रुपमध्ये एक गोड रीत आहे. विणताना टाका सुईवरून निसटला, तर शेजारचीने तो उचलून द्यायचा, तशीच. दर शुक्रवारी पाचला सुईबाई "निसटलेले टाके" म्हणून एक पान उघडते. तिथे आपापली काळजी लिहायची. जी आधी खाली "उचलला" असं लिहील, तिने ती घेतली. बस. सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही. मला फार पटलं. उपदेश करणारी माणसं मला जन्मात सहन झाली नाहीत.

मीही लिहिलं. छोटंसंच. काचेचा नंबर चुकेल आणि कुणाचं तरी नुकसान होईल, या विचाराने झोप लागत नाही, असं. गुंडाळीने लगेच "उचलला" लिहिलं. खरंच हलकं वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गुंडाळीने आज लिहिलंय की हल्ली पीठ तीनदा तोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही, हे काय नवीन खूळ. मी हसण्याचं चित्र टाकलं.

कारखान्यात मात्र वाईट झालं. एका शाळेच्या बाईंना चुकीच्या नंबरचा चष्मा गेला. पायऱ्या नीट दिसल्या नाहीत, पडल्या, मनगट मोडलं. काचा माझ्या हातच्या होत्या. मी तीनदा काय, एकदाही तपासल्या नव्हत्या. गेले पाच दिवस मी काहीच तपासलेलं नाही, आणि हे मला आज उस्तादांनी विचारल्यावर कळलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, तुमचा हात तोच आहे. तुमचं लक्ष कुणी नेलं?"

मला रडू यायला हवं होतं. मी वाट पाहिली. आलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज धाकटीने फोन उचलला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या कचेरीतून मला फोन आला, की ती आलीच नाही. दीड वाजता केला, दोनला केला, मग दर पाच मिनिटांनी. उस्तादांनी घरी पाठवलं. खोलीत येरझारा घालत होते, खिडकी ते ओटा, ओटा ते खिडकी, नऊ पावलं. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. सतरा वर्षं बहिणीची आई होऊन राहिले आणि शेजाऱ्यांचा नंबर घ्यायचं सुचलं नाही.

पाच वाजता पान उघडलं. मी सगळं ओतलं. फिट, हनुवटीवरची खूण, सातचा फोन, सहा वर्षांच्या तिच्या वेण्या, आणि ती एकटी कुठेतरी पडली असेल आणि मी इथे काचा घासत असेन ही भीती, जी सतरा वर्षांत एक दिवस मला सोडून गेली नाही. गुंडाळीने लिहिलं, "उचलला. आता तू निवांत राहा."

सहाला धाकटीचाच फोन आला. जिन्यात फिट आली होती, कोपर सोलवटलंय, फोन घरी राहिला होता. मी बरं म्हटलं, काळजी घे म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तू रागावली नाहीस?" रागवायचं काय त्यात.

छान झोप येतेय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हवा सुरेख आहे. खिडकीत बसून चहा घेतला. मोजा मागे पडलाय, निळी लोकर बघून कंटाळा येतो. सातच्या सुमाराला काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. गॅस बघितला. नळ बघितला. सगळं बंद होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गुंडाळीने मोज्यांचा फोटो टाकलाय. निळे. टाच मोहरीच्या रंगाची. खाली लिहिलंय की डाव्याला दोन टाके जास्त घेतलेत, कारण माझ्या धाकटीचा डावा पाय मोठा आहे.

मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. ग्रुपमध्ये तिने मागेच सांगितलं होतं की ती एकुलती एक आहे. मला नक्की आठवतं. मग मी वही उघडली आणि मागची पानं वाचली.

सहा दिवस मी धाकटीला फोन केलेला नाही.

१ मार्च, शनिवार

सातला केला. नंबर बोटांना पाठ होता, मला नव्हता.

तिने उचलला. मी म्हटलं, मी बोलतेय. ती म्हणाली, कोण मी? मी म्हटलं, ताई.

"ताईचा फोन आत्ताच येऊन गेला," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

मी तिला वेण्यांचं सांगितलं. हनुवटीचं सांगितलं. वहीत बघून सांगत होते, कारण वहीत न बघता मला काही सांगता येईना. तिच्या ते लक्षात आलं असावं. तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, हे सगळं तुम्हाला कुठून कळलं? आणि फोन ठेवला. सहा वर्षांची असताना घाबरली की तिचा आवाज असाच व्हायचा, असं वाटलं. पण ते आठवलं की मी आत्ता ठरवलं, कळत नाही.

२ मार्च, रविवार

गुंडाळीला लिहिलं, माझी बहीण परत दे. तिने उत्तर दिलं नाही. सुईबाईला लिहिलं. तिने दिलं, अगदी मायेने. "अगं, उचललेला टाका विणीत गेला. तो ओढून काढला तर मोजाच उसवेल, त्या पोरीसकट. परत हवा असेल तर गुंडाळीने तो पुन्हा निसटू द्यायला हवा. शुक्रवारी. आणि तू सगळ्यांच्या आधी उचलायला हवा."

म्हणजे धाकटीची काळजी गुंडाळीने पानावर लिहिली, की मी पहिली. बाकी कुणाच्याही आधी. एवढंच करायचंय.

ग्रुप दोन हजार जणींचा आहे.

४ मार्च, मंगळवार

वहीच्या पहिल्या पानावर कुणाचं तरी गचाळ अक्षर आहे. भिंतींशी बोलू नको म्हणे. कुणी लिहिलं—

पुढचं वाचलं. बरं.

मनगटावर पेनाने लिहून ठेवलंय: बहीण आहे. शुक्रवार, पाच. उस्तादांनी ते वाचलं आणि माझ्या हातातली काच काढून घेतली. रजा घ्या म्हणाले.

जीव थाऱ्यावर नाही. पण कशासाठी, ते आठवत नाही. खिडकी ते ओटा नऊ पावलं.

५ मार्च, बुधवार

फोनमध्ये बघितलं. काल सातला एकाच नंबरवर अकरा वेळा फोन गेलेत. परवा चौदा. मी केले? बोटं करतात. मालकीणबाईंनी वर येऊन विचारलं, रोज संध्याकाळी कुणाला विनवण्या करता हो?

आज नंबर लागत नाही. माझा नंबर तिने बंद केला असेल. मालकीणबाईंच्या फोनवरून केला. उचलला. श्वास ऐकू येत होता. मग ती रडायला लागली. आणि मला, माझ्या आत— काहीच नाही. भिंत.

६ मार्च

उद्या. वाचत बसायचं नाही. पान उघडलं, गुंडाळीचं नाव दिसलं, की "उचलला". शब्द आधीच टाइप करून ठेवणार. वाचेपर्यंत दुसरी कुणी उचलेल.

मनगटावरचं पुसट झालं. पुन्हा गिरवलं.

७ मार्च, शुक्रवार

पाचला दहा कमी. खिडकीशी बसलेय. शब्द तयार आहे, बोट त्यावर.

पान उघडलं.

गुंडाळी—

पाठवला. माझा पहिला. माझ्या खाली चाळीस जणींचे आले, पण माझा पहिला.

आली. देवा, सगळी आली. वेण्या, रिबिनी सोडायची ती, डब्यातली पोळी मांजराला घालायची. हनुवटीला चार टाके पडले तेव्हा माझा अंगठा चावला होता, ती खूण अजून आहे अंगठ्यावर. धाकटी. माझी धाकटी. अर्धा तास नुसती रडतेय.

आता वाचलं. गुंडाळीने काय लिहिलं होतं ते.

"माझ्या धाकटीला एक अनोळखी बाई छळते. रोज सातला फोन करते. तिला आमच्या घरातलं सगळं ठाऊक आहे. नंबर बंद केला तर दुसऱ्याच्या फोनवरून करते. पोर भेदरली आहे, अशाने फिट येईल. ती बाई धाकटीला काहीतरी करेल, ही काळजी मला खाते आहे."

वाचता वाचता ती भीती माझ्यात उतरली. तीच, ओळखीची. धाकटी एकटी आणि ती बाई—

कोण बाई ही? काय हवंय तिला माझ्या पोरीकडून?

साडेसहा

ही वही तिची आहे. तीच आहे ती. सगळं लिहून ठेवलंय तिने, कुठे राहते, काय करते. पहिल्या पानावर धाकटीचं अक्षर, ते हिच्याकडे कसं आलं? तिसरा मजला. मोठी खिडकी. नऊ पावलं.

मोजली. नऊ आहेत.

ती इथेच आहे. दाराला आतून कडी आहे, म्हणजे ती आत आहे.

सातला पाच कमी

दिसली. खिडकीच्या काचेत. बसली आहे, मान खाली घालून काहीतरी लिहिते आहे. मनगटावर अक्षरं. मांडीवर फोन. सातला ती फोन करणार, नवा कुणाचा तरी फोन मिळवून, आणि धाकटी घाबरेल, जिन्यात असेल, पडेल—

नाही. या वेळी मी इथे आहे. काचा घासत नाही बसलेली. या वेळी मी पोचेन.

माझ्या डाव्या हातात तिची विणायची सुई आहे. तिचा उजवा हात लिहितोय. तिला अजून कळलेलं नाही की मी बघतेय. तो हात फोनकडे वळला की

वळतोय. घाबरू नकोस गं, ताई आहे. मी हळूच तिच्या