गिअरबॉक्समधला भुसा

रुपेश,
जीप सुरू करू नको. गिअरबॉक्समधल्या भुताले विडी पाजून निजवलं, असं काल तुले सांगितलं ना? खरं म्हणजे मी तेलात ओंजळभर लाकडाचा भुसा टाकला. त्यानं खरखर दबते, पण बेअरिंग फुटलेलंच राह्यते. मयुरीचे दिवस भरले आहेत. सावंगीच्या दवाखान्यात नेताना सूनबाई रस्त्यात अडकली तर? बेअरिंग आणायले हिंगणघाटले चाललो. तेवढ्यात कळा आल्या तर शेजारच्या प्रफुलचा ऑटो बोलावजो, त्याले सांगून ठेवलं आहे. माह्या या चिठ्ठीवर तुहा भरवसा बसणार नाई, म्हणून जीपची चाबी खिशात घेऊन चाललो.
तुहा बाप