पखवाजाची कणीक

रत्नागिरी,
शनिवार, १७ जानेवारी २०२६

चि. हर्षद यास,
अनेक आशीर्वाद. (आधीच्या कागदावर 'श्री.' लिहिलं होतं. तो फाडला.)

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. गव्हाच्या पिठाबद्दल. हा पदार्थ सज्जनांच्या घरात ठेवण्याच्या लायकीचा नाही. पाणी कमी पडलं तर भुगा, थेंबभर जास्त झालं तर खळ, आणि दोन्ही अवस्थांत तो दहाही बोटं धरून ठेवतो. चष्मा घसरला तर वर सारायची सोय नाही. सकाळपासून तीनदा मळलं. पहिल्या गोळ्यापासून तर गाईनंही तोंड फिरवलं. आमच्या घरात पीठ कुठल्या डब्यात असतं हे मला एकवीस दिवसांपूर्वी कळलं. यावरून माझ्या संसारातल्या कर्तबगारीची कल्पना येईल.

बाकी ठीक. अक्षया परवा येऊन आईच्या, मालनच्या साड्या लावून गेली. तू फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसून होतास. ऊन होतं. आत बोलवावं असं मनात आलं, पण चांगलं काही मनातून तोंडापर्यंत यायला माझ्याकडे फार वेळ लागतो. वाईट एका दमात पोचतं.

आपल्या भजनी मंडळाची माझी फुशारकी तू सहा वर्षं ऐकलीस. "आमची सतरंजी बघा! मासळीवाली यमुनाबाई, तिला खेटून बँकेचे साहेब, झांजेवर जयगड बंदरातला बिहारी क्रेनवाला, पखवाजावर खालच्या वाडीतला हर्षद. गजराला सगळे एका तोंडानं!" टाळ्या मिळायच्या. सतरंजी संपते कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग तू आणि अक्षयानं नोंदणी करून लग्न केलंत, आणि पुढल्याच शनिवारी तू नेहमीसारखा भजनाला आलास. मालननं नेहमीसारखा कणकेचा गोळा आणून ठेवला, पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "यापुढं कणीक आपल्या घरून आणायची."

एवढंच. जातीचं नाव घेतलं नाही. मी सुसंस्कृत माणूस. जात कणकेत मळून दिली.

तू "बरं, बुवा" म्हणालास आणि गेलास.

त्यानंतर दोन वर्षं मालन दर शनिवारी गोळा मळून तुझ्या रिकाम्या जागेसमोर ठेवायची. रविवारी सकाळी गाईला घालायची. मी म्हणायचो, "गाय भजनी झाली तुझी." ती हसायची नाही. माझ्या विनोदांना न हसणारं माणूस घरात असणं किती गरजेचं असतं, ते आता कळतंय.

तिच्या बाराव्याला मंडळ जमलं. रिक्षावाल्या लवूनं पखवाज खुंटीवरून काढला, थाप मारली. "डावी बाजू बोलत नाय, बुवा. कणीक लागंल." मळणारीच गेलेली, मागायची कुणाकडे? सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पेटीकडे. तेव्हा तू ओटीवरून आत आलास. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढलीस.

"घरून आणलीय, बुवा."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. त्यात माझा हात कोण धरील? पण तू फक्त सांगितलेलं ऐकलं होतंस.

दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फुटला. यमुनाबाई ओरडली, "रडतोस काय रे बुवा, गा! मालनला तुझं गाणं आवडायचं, हुंदके नाय." बँकेच्या साहेबांनी ओळ उचलली, भलत्याच पट्टीत. क्रेनवाल्यानं शब्द न कळता उचलली. आणि तू ठेका धरून त्याच आवर्तनात फिरत राहिलास, माझी वाट बघत. मी परत आलो तेव्हा सम जागेवर होती. दोन वर्षं जिनं ही वाट बघितली, ती तेवढी नव्हती.

भजन संपलं. पेटीचा भाता बंद करून मी मान वर करेपर्यंत तू निघून गेला होतास.

लवू रिक्षा घेऊन तुमच्याकडे हातखंब्याला निघालाय. त्याच्याकडे हे पत्र आणि स्टीलचा डबा दिलाय. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा आहे, चौथ्या प्रयत्नाचा. आज संध्याकाळी मंडळ बसतंय, पण तू येशील असं मी धरून चाललेलो नाही. म्हणून तर इथं न ठेवता पाठवतोय. देणं आहे, तू आलास तरच द्यायचं, असं नाही. सैल वाटला तर वरून थोडं पीठ लाव. लावायचा नसेल तर गाईला घाल.

मागचे सगळे शनिवार मालननं भरले. हा एक माझा.

अक्षयाचा बाप, आणि तुझा सासरा,
आत्माराम