मेणाला झालेला कॅन्सर

प्रिय ताई,

आधी हसून घे, मग पुढे वाच. तुझ्या हुशार भावाने मेणाला कॅन्सर झाल्याचं शोधून काढलंय! ते कसं ते सांगतो, पण त्याआधी तुझ्याशी भांडायचंय. काल भावोजींचा फोन आला. म्हणे तू कप वेगळा केलास, टॉवेल वेगळा केलास आणि सात महिन्यांच्या नातीला दारात उभी राहून लांबूनच बघतेस. ढब्बू बिचारी दोन्ही हात पुढे करते आणि तू स्वयंपाकघरात निघून जातेस. का, तर दोन महिन्यांपूर्वी मी फोनवर ओरडून सांगितलं होतं, की स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये विषाणू सापडला, तुझ्याही गाठीत सापडला. अगं, ऑपरेशनला चार वर्षं झाली, तू ठणठणीत आहेस, आणि माझ्या एका फोनवर स्वतःला वाळीत टाकलंस?

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठोकळा करतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. मी यंत्रावर त्याचे काप काढतो, इतके पातळ की कांद्याचा पापुद्राही त्यापुढे जाडजूड वाटावा. आता उंदरांमध्ये एक विषाणू असतो. तो आईच्या दुधातून पिल्लांत जातो आणि पुढे त्यांच्या स्तनांत गाठी होतात. हे पक्कं ठाऊक आहे. माणसांतही असं काही होतं का, यावर मोठमोठ्या लोकांचे अजून वाद चाललेत. आमच्या मॅडम जुन्या ठोकळ्यांमध्ये त्याच्याच खुणा शोधताहेत. तू संमतीची सही दिलीस म्हणून तुझाही ठोकळा त्यात आहे, आणि त्याचा नंबर मला तोंडपाठ आहे.

तर मी दिवे कसे लावले ते ऐक. आमच्याकडे त्याच यंत्रावर सकाळी दुसऱ्या गटासाठी उंदरांच्या गाठींचे ठोकळे कापतात. दर ठोकळ्याला पातं बदलायचं, यंत्र पुसायचं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. पण तुझा ठोकळा त्या दिवशी कापायचा होता आणि मला दम निघेना. तेच पातं, तेच यंत्र, सपासप सगळे ठोकळे कापले. निकाल आला, सगळ्यांत विषाणू! यादी शेवटपर्यंत न वाचताच मी आनंदाने उड्या मारल्या आणि तुला फोन केला. गेल्या आठवड्यात मॅडमनी निकालाची यादी पुढ्यात टाकली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तो कोऱ्या मेणाचा ठोकळा होता. त्यात गाठ नाही, माणूस नाही, काहीच नाही. नुसतं तपासणी बरोबर चाललीय ना, हे बघायला ठेवलेला. त्यातही विषाणू! मॅडमनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, की या मेणावर आता उपचार काय करायचे. सगळी लॅब खो खो हसली. मला मात्र ते न बदललेलं पातं आठवलं. उंदरांचा विषाणू पात्यावरून मीच सगळीकडे फासला होता.

मग दर ठोकळ्याला नवं पातं घेऊन सगळं पुन्हा कापलं. खुणा गेल्या. दोन ठोकळ्यांत पुसटसं काहीतरी उरलंय, त्यावर मॅडम मान हलवतात आणि प्रश्न अजून उघडा आहे म्हणतात. तुझ्या ठोकळ्यात काही नाही. आणि मी त्यांना स्पष्टच विचारलं. त्या म्हणाल्या, मांडीवर घेतल्याने, मुका घेतल्याने, कपाने, टॉवेलने कॅन्सर एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. विषाणूचा माग काढणारेही असं म्हणत नाहीत.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण पुढचं तोंडाने बोलवणार नाही म्हणून लिहितोय. आई गेल्यावर तू आम्हा तिघांना वाढवलंस. स्वतःचं लग्न लांबवलंस, उशिरा जेवलीस, दुखणी अंगावर काढलीस. तुला गाठ निघाली तेव्हा मला वाटलं, ही आमच्यामुळे झाली. गेली चार वर्षं रोज वाटतं. विषाणू सापडला असता तर चोर दुसराच निघाला असता आणि मी सुटलो असतो. म्हणून घाई केली गं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवायला गेलो आणि तुझ्या डोक्यावर ठेवून आलो. मला रागाव, हवं तर कान उपट. पण शिक्षा ढब्बूला देऊ नकोस. रविवारी येतोय. दार उघडायला येशील तेव्हा ती तुझ्या कडेवर दिसली पाहिजे.

तुझाच,
धाकटा