भरतकामाच्या सॉफ्टवेअरची चावी अरिबाच्या हाती

मी, जब्बार उस्मान पिंजारी, वय बहात्तर, धंदा पूर्वी रजयांचा आणि आता कॉम्प्युटरवरच्या भरतकामाचा, राहणार देवपूर, धुळे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन वाद घालून बघावा.

१. राहतं घर माझी बायको जमीला आणि मुलगा आतिफ यांना शरियतप्रमाणे मिळावं. जमीला आहे तोवर ते विकायचं नाव कोणी काढू नये, ही माझी ताकीद.

२. थोरला हसीब माझ्याआधी गेला. अशा वेळी आमच्या कायद्यात सुनेला सासऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाही. पण एक तृतीयांशापर्यंत मी वारस नसलेल्यालाही देऊ शकतो. त्या हक्काने भरतकामाचं मशीन आणि कॉम्प्युटर हसीबची बायको अरिबा हिला देतो. हसीबच्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला, दस्तरखान उचलायच्या आत आतिफ म्हणाला होता, "भाभी यावलला माहेरी जातील, मशीन विकून टाकू." बेटा आतिफ, भाभी गेली नाही. दुकान तीच चालवते, आणि तुझं ते बोलणं मी विसरलेलो नाही.

३. सॉफ्टवेअरशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड. पाचोऱ्याच्या एका दुकानदाराने धंदा बंद केला तेव्हा मी ते त्याच्याकडून रीतसर विकत घेतलं. सोबत चावी मिळाली, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा बोटाएवढा तुकडा. तो लावल्याशिवाय एकही डिझाइन उघडत नाही.

गेल्या महिन्यात सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस दुकानात आला. म्हणाला, "चाचा, हे तुमच्या मालकीचं नाहीच. पाचोऱ्यावाल्याला फक्त वापरायची परवानगी होती. त्याला विकता येत नव्हतं, तुम्हालाही कोणाला देता येणार नाही. चावी जमा करा, सुनेसाठी नवीन घ्या."

मी आयुष्यभर रजया विकल्या. तुम्ही मेलात की रजई परत आणून द्या, असं एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही! शेजारचे झुलालनाना तिथेच चहा पीत होते. तेही अहिराणीत म्हणाले, "भाऊ, चावी तुमना खिसामा शे, मंग माल कोना?" ज्याच्या खिशात चावी, त्याचाच माल, हे त्यांनाही कळतं. अरिबा मशीनवर डिझाइन लावत होती. तिचे हात थांबले, आणि मला संताप आला.

४. तर आतिफ आणि कंपनी, दोघांनी ऐकावं. सॉफ्टवेअर माझं असेल, तर वरच्या एक तृतीयांशात धरून ते अरिबाला दिलं. कंपनी म्हणते तसं माझं नसेलच, तर ते माझ्या मालमत्तेत येत नाही आणि आतिफला त्यात वाटा मागता येत नाही. कंपनीला मागायचं असेल तर खुशाल कोर्टात मागावं. कोर्ट पांझरा नदीच्या पलीकडेच आहे, रिक्षा मिळते.

५. तरी मरेपर्यंत थांबायला मी तयार नाही. आमच्यात हयातीत द्यायचं तर देणाऱ्याने देतो म्हणायचं, घेणाऱ्याने घेते म्हणायचं आणि वस्तू हातात पडायला हवी. आज साक्षीदारांसमक्ष मी चावी अरिबापुढे धरली.

ती म्हणाली, "अब्बा, ते लोक पुन्हा आले तर?"

"येऊ देत. तू घेते म्हण."

"घेते," ती म्हणाली आणि चावी लावून तिने मशीन सुरू केलं. आता ती चावी मीही परत मागणार नाही.

ठिकाण : देवपूर, धुळे
दिनांक : ९ जानेवारी २०२५

जब्बार उस्मान पिंजारी (सही)

आमच्यादेखत सही झाली आणि चावीही दिली गेली :
झुलाल तोताराम माळी (सही)
लोटन गिरधर वाणी (सही)

चावी घेतली. देणार नाही.
अरिबा हसीब पिंजारी (सही)