खळ घातलेल्या बाह्या

प्रिय आई,

गुडघा आता कमी दुखत असेल ना? आम्ही दोघं वेळेवर जेवतो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

काल सूपिंगच्या कॉलेजात उत्सव झाला. तुझ्या नाटकमंडळीतल्या लांब पांढऱ्या रेशमी बाह्या लावून ती नाचली. तुझ्या शेजारच्या मियाओकाकू रविवारी तुला त्या नाचाचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवतील. शेवटी उजवी बाही मनगटावर गोळा न होता जमिनीवर लोळते. तुझ्या नजरेतून ते सुटणार नाही, म्हणून आधीच सांगतो, चूक माझी आहे.

लाँड्रीत चादरींना घालतो तशी मी बाह्यांनाही खळ घातली. वाटलं, नीटनेटक्या दिसतील. काल सकाळी तिनं हात झटकला, तर बाही फळीसारखी ताठ!

"दादा, या लावून नाचू की यांचं छप्पर घालू?" असं म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी दोन्ही पुन्हा धुतल्या, पण उजवी वाळली नाही. ओल्या बाहीचं वजन तुला ठाऊकच आहे.

नाचाच्या शेवटी ती बाही जमिनीवर पडली. सूपिंग मात्र थांबली नाही. वाकून तिनं बाही डाव्या हातानं हळूच उचलली, ओढ्यातून काही वेचावं तशी, आणि नमस्कार केला. खूप टाळ्या पडल्या.

तिचा खांदा जरासा दुखतोय, मी शेकतोय.

बाहीबद्दल मला हवं तेवढं रागव. तिच्याशी त्या वाकण्याबद्दल बोल. सकाळपासून तिनं तीनदा विचारलंय, "आईनं पाहिलं का रे?"

जिना जपून उतर.

तुझा,
योंगहुई