पुस्तकातली लिझबेत

लायडन, ३ नोव्हेंबर

लाडक्या आईस,

तू पाठवलेलं लवंगांचं चीज पोचलं. खोकला गेला, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझं इतिहासाचं पुस्तक गाजतंय गं! जुन्या काळी हेरिंग मासळीच्या जहाजांत पैसे गुंतवणारी विधवा लिझबेत आठवते ना? तिचा दाखला आता चाळीस अभ्यासकांनी दिलाय. तिच्या गावाने एका गल्लीला तिचं नावही दिलं.

तुला एकटीलाच सांगते, लिझबेत नावाची बाई कधी नव्हतीच. दोन वेगळ्या बायकांचे कागद मी घाईत एकीचेच समजले आणि नावही मीच ठरवलं.

काल दफ्तरखान्यातल्या वाउटरजवळ हे कबूल केलं. तो हसत सुटला. "गप गं! आजच तिची पत्रं सापडलीत, पेटीभर. सही बघ, ठसठशीत लिझबेत!"

खरंच होती.

घरी येऊन तुझं मागचं पत्र पुन्हा वाचलं. शेवटी तू लिहिलंयस, 'लिझबेतमावशी येऊन बसलीये, तुझं फार कौतुक करते.'

आई, तुला बहीणच नाही. ती अजून बसली असेल, तर तिला माझा पत्ता देऊ नकोस.

तुझीच,
फेमके