ऑगस्टचा घोट

२३ जुलै

ऐन हिवाळ्यातला दक्षिणेचा वारा सुटला! सकाळी दुकानाच्या फळीवर गवती चहाच्या जुड्या मांडता मांडता बोटं आखडली. अख्खं पारागुआरी गाव शिंकतंय. आलं, निलगिरी, छातीला चोळायचा बाम, सर्दीच्या सुट्ट्या गोळ्या — दुपारपर्यंत निम्मा माल साफ. लोक म्हणतात, "ती पिवळी द्या, गेल्या खेपेला दिलेली." कुठली पिवळी? पिवळ्या चार प्रकारच्या आहेत! मी विचारतो, रक्तदाब आहे का, आणखी कुठली गोळी चालू आहे का. विचारलं की त्यांना राग येतो. येऊ दे.

डोन्या इल्दा आली. "एलादिओ, कार्रुलीमच्या बाटल्या कधी मांडणार?"

"यंदा नाही."

"अरे वा! औषधवाल्याकडेच औषध नाही? ऑगस्ट तोंडावर आलाय!"

"सताप घ्या, लिंबू घ्या. उसाची दारू फुलहेन्सिओच्या दुकानात मिळेल. घरीच घाला."

मग तिच्या लक्षात आलं. एकदम लिंबांच्या भावावर घसरली. माझ्यापेक्षा तीच जास्त शरमली, बिचारी.

मार्चमध्ये मी एका खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचत बसलो होतो — त्यात दारू किती ते बघत. गिऱ्हाइकासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या बाटल्या परत केल्या. हसायचं त्यांनी हसावं. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार.

२५ जुलै

आई खोकतेय.

२६ जुलै

आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण घरी येऊन गेली. फ्लू आहे म्हणाली. वय चौऱ्याऐंशी, छातीत घरघर. गोळ्या दिल्या. कोमट पाणी पाजा, पडून राहू द्या, श्वास लागला तर लगेच हॉस्पिटलात न्या. आईनं सगळं निमूट ऐकलं. ती गेल्यावर मला म्हणाली, "पोरगी चांगली आहे. पण माझा कार्रुलीम कुठाय?"

मी ऐकलंच नाही असं केलं.

"एलादिओ, तुझ्याशी बोलतेय मी. भिंतीशी नाही."

ऑगस्ट हाडकुळ्या गाई आणि म्हातारी माणसं घेऊन जातो — हे इथं पोर बोलायला लागलं की शिकतं. म्हणून एक तारखेला अनशापोटी कार्रुलीमचे तीन घोट. सताप, लिंबू, उसाची दारू. अख्खा पाराग्वाय घेतो. आमच्या घरात पेला एकच. धाकट्यानं आधी, मग थोरल्यानं. एकानं टाळला तर ऑगस्ट त्याच दारानं आत शिरतो, असं आईचं म्हणणं. एका वर्षी बाबा ब्वेनोस आयरेसला कामावर होते. घोट चुकला. ऑगस्टातच न्यूमोनियानं गेले. झालं! यापुढे डॉक्टरीण काय बोलणार आणि मी काय बोलणार?

पण मी नाताळाआधी दारू सोडली. हा माझा पहिला कोरडा ऑगस्ट. तिला माहीत नाही का? माझं अंग थरथरत होतं तेव्हा तीच उशाशी बसलेली होती. मिर्ता माझा संसार सोडून, पोरांना घेऊन निघून गेली तेव्हाही हीच होती.

२८ जुलै

भांडण. मी म्हटलं, एका घोटानं माझं काय होईल ते तुला ठाऊक आहे.

"औषध म्हणून घेतलेला घोट हा घोट नसतो."

"माझ्या बाबतीत असतो, आई."

मग ती रडली. आई रडत नाही, तिची रीतच नाही ती. "तू प्यायलास तर मरशील, नाही प्यायलास तर ऑगस्ट नेईल. मी काय करू, सांग ना! कुणाला विचारू?"

उठून तिला वाफ द्यायला पाणी तापवलं.

२९ जुलै

तिची सर्दी मलाही लागली. नाक ठार बंद. ओठ फुटलेत. स्वतःच्याच दुकानातल्या दोन गोळ्या घेतल्या आणि फळीवर डोकं ठेवून झोपलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "जाहिरात छान आहे!"

३० जुलै

ताप उतरत नाही. आज दोनदा धाप लागली. हॉस्पिटल म्हटलं की डोकं हलवते. "एक तारखेला घोट होऊ दे. मग म्हणशील तिथं येते. तोवर हलणार नाही."

म्हणजे आता माझ्या हट्टापायी ती घरात गुदमरणार! शेवटी उठलो. फुलहेन्सिओच्या दुकानात गेलो. आत चारपाच जण होते, सगळे माझ्याकडे वळले.

"एक बाटली. आईसाठी," मी म्हटलं.

"हो हो," फुलहेन्सिओ म्हणाला, "जुलैत सगळ्यांच्याच आया आजारी असतात."

कुणीतरी फिसकन हसलं. हात उचलला नाही हे माझं मलाच नवल.

घरी येऊन बाटलीत सतापाच्या डहाळ्या घातल्या, लिंबाच्या चकत्या घातल्या. नाक बंद होतं ते बरंच झालं, वास आला नाही. बूच घट्ट बसवलं. आई पलंगावरून सगळं बघत होती. "माझ्याकडे दे. माझ्या पलंगाखाली राहील. मला तशीही झोप नाही."

दिली. तेवढंच सुटल्यासारखं वाटलं.

३१ जुलै

ठरवलंय. ओठ गच्च मिटून पेला लावायचा, गिळल्याचं सोंग करायचं. मरणाऱ्या बाईला फसवायचं. मरणाऱ्या असं का लिहिलं मी? खोडत नाही.

१ ऑगस्ट

उजाडलं तेव्हा आई उठून बसलेली होती! शाल नीट, केस विंचरलेले. पेला तिनं स्वतः भरला. मला बाटलीला हातही लावू दिला नाही.

"तू आधी."

ओठ मिटून पेला वर केला. फुटलेल्या ओठांना आग लागली. तीन वेळा गळा हलवला. बाही लगेच तोंडावरून फिरवली.

"गिळलंस?"

"गिळलं."

माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं तीन घोट घेतले. मोठे मोठे. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "कडक झालीय! तुझ्या बापाच्या हातची व्हायची अगदी तशी."

मग म्हणाली, "चल आता, कुठं न्यायचं तिथं ने." बाटलीला बूच लावून पुन्हा पलंगाखाली सरकवली. दुपारी हॉस्पिटलात भरती केलं. नाकाला नळी लावली आहे.

४ ऑगस्ट

फुफ्फुसाला सूज. तशातही शेजारच्या खाटेवरच्या बाईला छातीला काय चोळायचं ते सांगत होती. ती बाई मला म्हणाली, "तुमच्या आईला भरती केलंय की नोकरीवर घेतलंय?" आई हसली. हसण्यानं धाप लागली.

मी विचारलं, भीती वाटते का गं? म्हणाली, "तू घोट घेतलास ना? मग मला कसली भीती."

बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. सांगून टाकावं असं फार वाटलं. नाही सांगितलं.

८ ऑगस्ट

आई गेली. सकाळी. हात माझ्या हातात होता.

१० ऑगस्ट

नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे. घर माणसांनी भरलेलं. येणाऱ्यांना शेजारी माते-चहा देतात, चिपा-पाव देतात. परसात बाटलीही फिरते, मी आलो की लपवतात.

डोन्या इल्दा कुजबुजत होती, "घोट घेऊनही गेली? सताप जुना असेल."

सताप ताजा होता. खोट माझ्यात होती. मी गिळलं नाही. ऑगस्टला दार मी उघडं ठेवलं आणि तो मला सोडून तिला घेऊन गेला. हे खरं नाही, मला कळतं. फ्लू होता, वय होतं. मी औषधं विकतो, मला कळतं! तरी दिवसभर हेच डोक्यात.

१३ ऑगस्ट

बाटली पलंगाखालीच आहे. ओतून टाकायला हवी. तिच्या हातानं ठेवलेली शेवटची वस्तू — असं मी स्वतःला सांगतो. खोटं! मला माहीत आहे का ओतत नाही ते.

१५ ऑगस्ट

दुकान उघडलं नाही. खोलीच्या दाराशी दोनदा गेलो.

१६ ऑगस्ट

प्रार्थना संपली. माणसं गेली. घर इतकं रिकामं मला झेपत नाही. मिर्ताला फोन लावला. पोरगी बोलली थोडं. विचारलं, "पप्पा, तुम्ही ठीक आहात ना?" ठीक आहे म्हटलं. तिला खरं वाटलं नाही, मलाही नाही.

१७ ऑगस्ट

आईची माफी मागायची तर एकच रस्ता दिसतो, जो घोट चुकवला तो घ्यायचा. बघ, दारुड्याला कारण कसं सापडतं! कळतं आहे सगळं. कळून काय उपयोग.

१८ ऑगस्ट

दुपारी प्यायलो. पेला घेतला नाही, बाटलीच तोंडाला लावली, निम्मी संपली तेव्हा थांबलो.

पाणी. सतापाचं, लिंबाचं, शिळं कडू पाणी!

एक तारखेला तिचं रात्रीचं लघवीचं भांडं मीच ओतलं होतं. काठोकाठ भरलेलं. दारू त्यातच गेली होती. नाक बंद होतं, मला काय कळणार! आणि सकाळी ती माझ्यासमोर तेच पाणी प्यायली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली कडक झालीय. स्वतःपुरती तरी घोटभर दारू वेगळी ठेवायची होतीस गं आई. तुझा तर विश्वास होता!